काचेच्या कपाटातलं नाव

१५ मे १९८६, गुरुवार

हे दोन वाजता लायब्ररीत गेले ते पाचला आले. गाडी ड्राइव्हवेत लागल्याचा आवाज आला, पण दार वाजेना. खिडकीतून पाहिलं तर गाडीतच बसलेले. इंजिन बंद, दोन्ही हात स्टिअरिंगवर. वीस मिनिटं तसेच. चहा दोनदा गरम केला.

आत आल्यावर विचारलं, दूध आणि लिंबं? विसरले. नेहमीचंच. छत्तीस वर्षांच्या संसारात ह्या माणसानं सामानाची यादी कधी कागदावर लिहिली नाही. सगळं तोंडी ऐकायचं आणि निम्मं वाटेत सांडायचं.

काय झालं म्हणून विचारलं तर, "काही नाही. एक बाई भेटली."

एक बाई.

१६ मे

आज दिवसभर अंगणात टोमॅटोची रोपं लावत होते. विचारलं नाही. मीही हट्टी आहे.

१८ मे, रविवार

कळलं. जेवताना, ताटाकडे बघत, मोजक्या शब्दांत. पुढच्या आठवड्यात मेमोरियल डे, म्हणून लायब्ररीतल्या काचेच्या कपाटात ह्या भागातून युद्धावर गेलेल्या मुलांचे फोटो मांडलेत. त्यात बिली नावाचा एक वैमानिक. युद्ध संपल्यानंतर, सेहेचाळीस साली, आसामात त्याचं लष्करी मालवाहू विमान डोंगरावर आपटलं. फोटोशेजारी त्या विमानातल्या सात जणांची टाइप केलेली यादी. पाचवं नाव ह्यांचं.

ह्यांनी काउंटरवरच्या बाईंना सांगितलं की यादीत चूक आहे, हा पाचवा मी. तर ती बाई खुर्ची धरून खाली बसली. ती बिलीची थोरली बहीण. डोरथी. शाळेत शिकवायची, आता रिटायर, दर गुरुवारी लायब्ररीत फुकट काम करते.

मी म्हटलं, मग?

"मग काय. आमटी वाढ."

१९ मे

विमानाची गोष्ट मला नवीन नाही. पण ह्यांच्या तोंडून इतक्या वर्षांत एकच वाक्य ऐकलंय: विमान चुकलं म्हणून वाचलो. बाकीचं सासूबाईंकडून, तेही एकदाच, लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, सांगलीला, पापड लाटताना.

हे तेव्हा हवामान खात्यात, आसामातल्या एका विमानतळावर. वय तेवीस. रजेवर घरी यायला अमेरिकनांच्या त्या विमानात कलकत्त्यापर्यंत जागा मिळाली होती. यादीत नाव होतं, विमानात बॅग होती, हे मात्र खाली राहिले. यादी बघून कुणीतरी सांगलीला तार केली. प्रेत मिळायचं नाही, म्हणून भटजींनी पळसाच्या पानांचा माणूस करवला. तीनशेसाठ पानं. सासऱ्यांनी त्याला अग्नी दिला. दहावं, बारावं, तेरावं, सगळं यथासांग झालं. सतराव्या दिवशी हे टांग्यातून उतरले.

ज्याचे दिवस घातले त्याला तसंच घरात घेत नाहीत. त्याला पुन्हा जन्मावं लागतं. मोठ्या घंगाळात ह्यांना मुठी मिटून, गुडघे पोटाशी घेऊन बसवलं. बाहेर काढून बाळासारखं पुसलं. डोक्याला कुंची बांधली. मिशीवाल्या भाच्याच्या कानात आत्याबाईंनी कुर्रर्र केलं आणि नवं नाव सांगितलं, जयंत. मग पुन्हा मुंज. जुनं नाव पानांबरोबर जळलं.

सासूबाई म्हणाल्या होत्या, "त्या नावानं कधी हाक मारू नकोस हो, लीला. मारलीस तर तो वळेल. आणि वळला तर पुन्हा जाईल."

मी कधी उच्चारलं नाही. तसं मी नवंही उच्चारत नाही, आमच्या पिढीत 'अहो' पुरे. पण ते जुनं मनातसुद्धा म्हणत नाही. ह्या वहीतही लिहिलेलं नाही, आणि ही वही तर कुणी वाचत नाही.

आणि ते नाव गेले दोन आठवडे लायब्ररीत काचेमागे. येणाराजाणारा वाचतोय.

२२ मे, गुरुवार

पुन्हा लायब्ररीत. दोन ते पाच. जाताना नवा शर्ट.

संध्याकाळी विचारलं, काय बोलता एवढं? म्हणे, हवामान.

२६ मे, सोमवार. मेमोरियल डे

डोरथीच्या (डो.च लिहीन आता) चर्चमध्ये हे गेले होते. मला विचारलं होतं, मी गुडघा दुखतो म्हटलं. (दुखत नव्हता.)

आल्यावर आपणहून सांगितलं. दर मेमोरियल डेला ती सात मेणबत्त्या लावते. एक भावाची, बाकी सहा बरोबरच्यांच्या. यादीवरची नावं एकेक करून वाचते. आमच्याकडच्या ऑफिसनं ह्यांचं नाव मेलेल्यांतून काढलं, पण अमेरिकनांच्या कागदावर ते तसंच राहिलं. तिनं सरकारला पत्रं लिहून लिहून तो कागद मिळवलेला.

म्हणजे इतकी वर्षं एक बाई ह्यांच्यासाठी दर साली मेणबत्ती लावत होती. आणि मी दर ज्येष्ठात उपास करत होते. एकाच माणसासाठी दोघीजणी. तिला तो मेलेला हवा होता, मला जिवंत. कोण जास्त मनापासून करत होतं, कुणाला विचारायचं?

ह्या वर्षी म्हणे सहाच लावल्या. सातवी तिनं ह्यांच्या हातात दिली. ती आता आमच्या स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमध्ये, चमच्यांजवळ. मी ती दोनदा मागे सारली.

२९ मे

शंकरपाळ्यांचा डबा निम्मा रिकामा. मीनल येणार म्हणून केल्या होत्या. म्हटलं, मुंग्या लागल्या की काय. तर डो.ला नेल्या. तिला फार आवडल्या, "कुरकुरीत आहेत म्हणाली."

छत्तीस वर्षांत ह्यांनी माझ्या शंकरपाळ्यांना विशेषण लावलेलं मला आठवत नाही.

१ जून, रविवार

मीनलचा जर्सी सिटीहून फोन. शंकरपाळ्यांचं सांगितलं तर हसत सुटली. "आई, आर यू जेलस? ती सेव्हंटीची असेल." मी म्हटलं, सहासष्ट. म्हणजे चौकशी केलेली आहे हे पोरीला कळलं. मग आणखी हसली. म्हणाली, "इट्स ॲक्चुअली क्यूट."

क्यूट म्हणे. तेवीस वर्षांची आहे. म्हणजे बरोबर तेव्हाच्या ह्यांच्याएवढी. फोन ठेवल्यावर ते डोक्यात आलं आणि मग कामात लक्ष लागेना.

बेळगावला कॉन्व्हेंटात सिस्टर बर्नाडेट सांगायची, मुलींनो, मत्सर वाटला तर लपवू नका, कागदावर लिहा आणि त्याच्याकडे बघा. लाजून तो लहान होतो. लिहितेय, सिस्टर. लहान होत नाही.

तिला ह्यांच्याबद्दल तसलं काही वाटतं असं मला मुळीच वाटत नाही. ह्यांनाही नाही. ते असतं तर सोपं होतं, भांडता आलं असतं. मला राग आहे तो गुरुवारच्या तीन तासांचा. ज्याबद्दल मला एक वाक्य मिळालं, त्याबद्दल तिला आठवड्याला तीन तास मिळतात.

५ जून, गुरुवार

आज फार लागलं.

ह्यांचं इंग्रजी कामापुरतं. इथं आल्यापासून प्रत्येक पत्र, अर्ज, रिपोर्टाचं पहिलं पान, सगळं आधी माझ्याकडे येतं. मी पेन्सिलीनं 'द' आणि 'अ' घालते. काचेच्या संशोधनात ह्यांना बढत्या मिळाल्या त्यात माझे 'द' किती, ते मला ठाऊक. लग्न ठरलं तेव्हा सासरे म्हणाले होते, मुलगी कॉन्व्हेंटची आहे, पत्रव्यवहार नीट करील. केला.

आज टेबलावर डो.ला लिहिलेलं पाकीट, न चिकटवलेलं. वाचू नये होतं. वाचलं. काही नव्हतं, त्या डोंगराचा नकाशा आणि चार ओळी. चार ओळींत पाच 'द' नाहीत. मला न दाखवता लिहिलेलं पहिलं पत्र. हात शिवशिवत होता. परत घालून ठेवलं.

६ जून

ह्यांना म्हटलं, रविवारी तिला जेवायला बोलवा. मीनललाही बोलावते.

हे एकदम आनंदले. तो आनंद बघून पुन्हा—

८ जून, रविवार

सगळं नीट लिहून ठेवते.

डो. बारा वाजता आली. उंच, पांढरे केस कानापर्यंत कापलेले, निळा कार्डिगन, हातात स्वतः भाजलेला 'पाय', आत फळं भरलेला तो इथला गोड प्रकार. दारातच तिनं मला मिठी मारली आणि शंकरपाळ्यांची कृती मागितली. मी देईन म्हटलं. वाईट बाई असती तर बरं झालं असतं.

मग ह्यांच्याकडे वळून तिनं हाक मारली. त्या नावानं. मधलं अक्षर दाबून, शेवटचं गिळून, अगदी वाकडं करून. आणि हे वळले. माझ्या 'अहो'ला इतक्या पटकन कधी वळलेले नाहीत.

मीनलनं विचारलं, "आई, हे कुणाचं नाव?" तिलाही माहीत नव्हतं. मी म्हटलं, नंतर.

पुऱ्या तळत होते. तेल तापलेलं, कढई सोडून जाता येईना. आणि बाहेर टेबलाशी हे बोलू लागले. तिला नाही, मीनलला सांगत होते, पण तिच्यासमोर. तिनं आधीच ऐकलेलं होतं, मधेमधे ती शब्द पुरवत होती. मी पाठमोरी, झारा हातात, पहिल्यांदा ऐकत होते.

त्या दिवशी डोंगरावर ढग होते. बिलीनं विचारलं, वर जातील का? हे म्हणाले, अर्ध्या तासात जातील. बिली म्हणाला, एकदा फुगा सोडून बघ आणि मला येऊन सांग. हवेचा अंदाज घ्यायला फुगा सोडायचा आणि दुर्बिणीतून बघत राहायचं, तो कुठं ढगात दिसेनासा होतो ते. ह्यांची बॅग विमानातच. धावत गेले, सोडला. फुगा जवळजवळ लगेच गडप झाला. ढग वर जात नव्हते, खाली येत होते.

खात्याचा नियम असा की निरीक्षण आधी वहीत शाईनं नोंदायचं, मग तोंडी कुणाला सांगायचं. ह्यांनी नोंदलं. वेळ, उंची, दिशा, सही. शाई टिपून घेतली. मग धावले.

विमान निघालं होतं. हे धावपट्टीच्या कडेनं हात हलवत पळत गेले. बिलीला वाटलं निरोप देतोय. त्यानंही हात हलवला.

"दोन मिनिटं," हे म्हणाले. "फार तर अडीच."

माझी पुरी कढईत काळी झाली.

तेव्हा डोक्यात आलं: याद्या. दूध, लिंबं, कोथिंबीर. हे का लिहीत नाहीत. आणि मी इतकी वर्षं त्यावरून टोमणे मारले, चारचौघांत, हसत हसत.

खरं तर झारा ठेवून बाहेर जायला हवं होतं. गेलेही. पण काय करावं मी? डो.नं ह्यांच्या हातावर हात ठेवला होता, आणि पुन्हा ते नाव घेतलं, समजूत घालावी तसं. आणि मी म्हणाले, ह्या नावाचा माणूस आमच्या घरात मेलेला आहे. आम्ही त्याला जाळलं, त्याचे दिवस घातले. माझं लग्न दुसऱ्याशी झालंय. माझं कॉन्व्हेंटचं इंग्रजी अशा वेळी फार स्वच्छ होतं.

एवढ्यावर थांबले नाही. आत जाऊन ट्रंकेतून कुंची आणली. हिरव्या खणाची, लाल काठाची, मोठ्या माणसाच्या डोक्याएवढी. सासूबाईंनी जाण्याआधी मला दिलेली. ती माझ्याकडे आहे हे ह्यांनाही ठाऊक नव्हतं. टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. पानांचा माणूस, घंगाळ, मिटलेल्या मुठी, कुर्रर्र. पत्त्यांत हुकूम टाकावा तसं.

मीनल आधी हसली, मग बापाचं तोंड बघून थांबली. हे उठून मागच्या अंगणात गेले.

डो.नं कुंची उचलली. दोन बोटांनी तिच्या नाड्या सरळ केल्या. तिनं विचारलं, पानं किती होती? मी सांगितलं, तीनशेसाठ. मग ती म्हणाली, त्यांच्याकडे एक पेटी आली होती, सीलबंद. उघडू नका असं कळवलं होतं. तिच्या वडिलांनी एक बाजू उचलून पाहिली आणि म्हणाले, बिली एवढा हलका नव्हता. तीच पुरली.

"तुमच्या सासूबाईंना असलं काही शिवायला तरी मिळालं," ती म्हणाली.

शंकरपाळ्यांची कृती न घेता गेली. तिचा तो 'पाय' न कापता तसाच आहे. ऱ्हुबार्ब नावाच्या आंबट देठांचा.

९ जून

हे बोलत नाहीत. मीनल जाताना दारात म्हणाली, "दॅट वॉज नॉट क्यूट, आई." गालावर पापी घेऊन गेली, पण म्हणाली.

१० जून, मंगळवार

बोलले. टोमॅटोंना काठ्या बांधत होते, मी दोरी धरलेली.

"तिला ते सांगायला नको होतंस."

मी म्हटलं, मला तरी कुणी सांगितलं? तुमच्या आईंनी. तुम्ही नाही. आणि विमानाचं कुणी सांगितलं? पुऱ्यांनी.

बराच वेळ गाठ मारत बसले. मग मी विचारलं. जे विचारायचं होतं ते. तिला का, मला का नाही.

"तुला सांगितलं असतं तर तू माफ केलं असतंस," हे म्हणाले. "तिथल्या तिथं. पुढचा प्रश्न, चहा टाकू का."

मी म्हटलं, मग त्यात वाईट काय?

"तुझा कुणी मेला नव्हता, लीला."

मी दोरी सोडली आणि आत आले. रडले नाही. चहा टाकला. टाकल्यावर लक्षात आलं की चहा टाकला.

१२ जून, गुरुवार

दोन वाजले तरी हे गेले नाहीत. पेपर वाचत बसले. एकच पान.

मला हवं होतं तेच झालं. पाच वाजेपर्यंत घरात घड्याळाशिवाय आवाज नव्हता.

१५ जून

लग्नाआधी एकदा, सांगलीला घर बघायला गेलो होतो तेव्हा, भटजी विचारत होते की मुलीचं सासरचं नाव काय ठेवायचं. सासूबाईंनी दोन-तीन काढून ठेवली होती. हे पहिल्यांदाच बोलले: नाव बदलायचं नाही. घरात एकाचं बदललं तेवढं पुरे.

मी ते किती वर्षं मिरवलं. कॉन्व्हेंटच्या मैत्रिणींना पत्रांतून लिहिलं, बघा कसा सुधारक नवरा मिळालाय. लीलाची लीलाच राहिले.

ते सुधारकपण नव्हतं. नाव काढून घेतल्यावर काय होतं ते ह्यांना ठाऊक होतं. तेवीस वर्षांच्या मुलाला सगळ्यांनी मिळून सांगितलं की तो तू नव्हेस. म्हणजे ढग वर जातील म्हणालेला तो नव्हेस, शाई टिपलेला तो नव्हेस, हात हलवत पळालेला तो नव्हेस. आईनं मायेनंच केलं. पण मग तो जायचा कुठं?

तो लायब्ररीत होता, यादीत पाचवा. आणि एक बाई त्याला रोज नाही तरी दर साली नावानं हाक मारत होती.

मला अजूनही राग येतोच. समजलं म्हणून जात नाही.

१९ जून, गुरुवार

आजही गेले नाहीत. मी म्हटलं, लायब्ररीची पुस्तकं द्यायची तारीख होऊन गेली. म्हणाले, तू दे जाऊन.

२१ जून, शनिवार. वटपौर्णिमा

उपास. इथं वड कुठला, एडिसन गावातल्या एका काकूंनी कुंडीत वाढवलेला आहे, गुडघ्याएवढा, त्यालाच आम्ही नऊजणी सूत गुंडाळून आलो. कुंडी बिचारी दिसेनाशी झाली.

फेऱ्या घालताना मनात हिशेब. सात जन्म हाच नवरा. पण ह्यांचा तर हाच दुसरा. मग पहिला कुणाचा धरायचा? त्यात ह्यांना नवरा म्हणणारं कुणी नव्हतंच. नुसती एक मेणबत्ती.

तिसऱ्या फेरीला वाटलं, तोही मागून घ्यावा. सगळाच मागावा. मग वाटलं, हाही हावरेपणाच, सिस्टर.

२६ जून, गुरुवार

पुस्तकं द्यायला मी गेले. शंकरपाळ्यांचा डबा घेऊन, कृती लिहून, मापं कपात करून.

डो. काउंटरवर. मला बघून तिनं आधी चष्मा काढला, मग पुसला, मग घातला. मी माफी मागितली. शाळेत शिकवलेली, पूर्ण वाक्यातली. ती म्हणाली, त्या दिवशी ती गाडीत बसून घरापर्यंत बिलीवर चिडत गेली, की तुला कुणी पानांचासुद्धा केला नाही.

मग मी विचारलं, तुम्ही ह्यांना माफ केलंत का?

तिनं डबा काउंटरच्या आत ठेवला. म्हणाली, "नाही, अजून नाही. पण गुरुवारी दोन वाजले की दाराकडे बघते."

मला इतकं हलकं का वाटलं ते कळत नाही. आणि लगेच आत कुठंतरी दुखलंही. मी दाराकडे अशी कधी बघितलेली नाही. हे घरात असतातच.

कपाट अजून मांडलेलं आहे. मी पहिल्यांदाच जवळ जाऊन पाहिलं. बिली हसतो आहे, दात जरा पुढे. विशीतला पोरगा. यादी पिवळी पडलेली. पाचवी ओळ. अक्षरं ठसठशीत, 'एम'चा एक पाय तुटलेला, टाइपरायटर जुना असणार.

डो. म्हणाली, कपाट आता कायमचं ठेवणार आहेत. यादी नव्यानं टाइप करायची आहे. पाचव्याचं काय करू, हे त्यालाच विचारायचं होतं, तर तो येतच नाही.

घरी येऊन ह्यांना निरोप सांगितला. जसाच्या तसा. वर म्हटलं, "पुढच्या गुरुवारी जा. ती दाराकडे बघते."

मी कणीक मळायला घेतली.

३ जुलै, गुरुवार

गेले. जुनाच शर्ट. येताना दूध, लिंबं, दोन्ही आणलं.

खिशात कागदाचा तुकडा होता. ह्यांच्या अक्षरात. दूध. लिंबं.

तो तुकडा ह्या पानात ठेवलाय.

९ जुलै

गेले तीन दिवस हे वरच्या खोलीत लिहीत बसतात. पिवळ्या पॅडवर. मी चहा नेला की पॅडवर हात ठेवतात, शाळेतल्या मुलासारखा. डो.साठी असणार. मला काय.

मला काय म्हणून लिहिलं खरं, पण आज कपबशी जरा आपटलीच.

१२ जुलै, शनिवार

दुपारी हे खाली आले. माझ्यासमोर दोन पानं ठेवली, शेजारी टोक केलेली पेन्सिल.

"बघ जरा."

नव्या यादीत सहाच नावं राहतील. तिच्या खाली सातव्यानं लिहिलेली हकीकत. ढग, फुगा, वही, शाई, धावपट्टी. त्या जेवणाच्या रविवारी ऐकलं ते सगळं, आणि ऐकलं नव्हतं तेही. शोधायला गेलेल्या तुकडीबरोबर हे अकरा दिवस डोंगरात चालत होते. स्वतःची बॅग ह्यांनीच ओळखली. घरी कळवायचं सुचलं नाही, कारण मेलेल्यांत आपण आहोत हे ह्यांना ठाऊकच नव्हतं. शेवटी एक वाक्य माझ्या सासूबाईंवर. पानांवर. कुंचीवर नाही. ती बहुधा माझ्यासाठी सोडली.

चौदा 'द' घातले. एका ठिकाणी घालायला हवा होता तो घातला नाही. "मी हात हलवत विमानामागे पळालो," तिथं. ते वाक्य तसंच बरं वाटलं. कुठलं विमान, ते काही कुणाला सांगावं लागत नाही.

खाली सहीची जागा कोरी. म्हटलं, इथं?

"तिथं तू लिही."

"कुठलं?"

"मला दोन्ही चालतील," हे म्हणाले. मग दाराकडे जात, "तुला कुठलं चालतं ते बघ." आणि अंगणात गेले.

तेव्हापासून पेन हातात. पेन्सिल नाही, शाईचं पेन.

दोन्ही लिहावीत तर एक माझं आणि एक तिचं, असं शेजारी शेजारी काचेमागे जन्मभर. एकच लिहावं तर कुठलं काढायचं? जयंत लिहिलं तर तो पळणारा मुलगा पुन्हा जळेल. आणि दुसरं लिहिलं तर सासूबाई...

आधी इथं लिहून बघते. ही वही कुणी वाचत नाही.

मुकुंद.

लिहिलं. काही झालं नाही. शाई तीच, वही तीच. बाहेर पाण्याचा आवाज येतोय, हे टोमॅटोंना पाणी घालतायत. पण सासूबाई लिहिण्याबद्दल काही बोलल्याच नव्हत्या. त्यांनी बजावलं होतं ते हाकेबद्दल.

खिडकी उघडी आहे. हे पाठमोरे आहेत. मधलं अक्षर दाबायचं नाही, शेवटचं गिळायचं नाही. मला ते नीट म्हणता येईल, तिच्यापेक्षा खूपच नीट.